पाण्याखालच्या कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाणी न शिरणारी पेटी): खाली गेलं की बटनं आपोआप दबतात, काय करू?

तळ्याकाठचा, अर्जुनी मोरगाव तालुका

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहून राहिलो, कारण आमच्याकडं हे कोणाले विचारावं तेच समजत नाही, शहरातल्या एका कॅमेरा दुरुस्तीवाल्यानं हाउसिंग हातात घेऊन पाह्यलं अन् हे आपल्या कामाचं नाही म्हणून वापस देल्लं.

आमच्या गावात मालगुजारी तलाव आहे, आमची मच्छीमार संस्था तिथं मासोळी धरते. दोन-तीन सालापासून आम्ही तलावातली बेशरमची माजलेली झुडपं उपटून राहिलो अन् पाण्याखालची देशी झाडं लावून राहिलो, हायड्रिला अन् ते लांब पट्टीसारख्या पानाचं गवत. बचत गटाच्या बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून एकएक रोप चिखलात खोचतात. त्यायले दाखवायचं आहे का तुम्ही लावलेलं तळाले धरलं, आता त्यात मासोळीचे पिल्लं लपतात. वरून पाह्यलं तं नुसतं पाणीच दिसते ना, म्हणून व्हिडिओ पाहिजे.

त्यासाठी लहान कॅमेरा अन् त्याचं जाड पारदर्शक प्लास्टिकचं हाउसिंग सेकंडहँड घेतलं. आधीच्या मालकानं ते मालवणच्या समुद्रात वापरलं होतं. 40 मीटरपर्यंत चालते असं त्याच्यावर लिहून आहे. आमचा तलाव पार भरला तरी खोल जागी दोन पुरुष पाणी, म्हणजे तीन-साडेतीन मीटर.

आता अडचण अशी का घरी सगळी बटनं बरोबर चालतात. बादलीत पण चालतात. पण तळाशी गेलो का कॅमेरा आपल्याआप फोटो पाह्यच्या मोडमध्ये जाते, मी हात पण लावत नाही. मंग शटर दाबलं तं काही होत नाही, झूम होत नाही, सगळी बटनं मेल्यासारखी. वर आलो का पुन्हा ठीक. दुसरं म्हणजे शटरचा खटका दाबला का तो वापस यायले कुचराई करते, व्हिडिओ सुरू होते पण बंद होत नाही. मी दम धरून बुडी मारतो, सिलिंडर वगैरे नाही, एका बुडीत चाळीसेक सेकंद भेटतात, ते सगळे बटनाच्या मागंच जातात. मांगच्या आठवड्यात बारा बुड्या मारल्या अन् कामाचा व्हिडिओ एक नाही.

पाणी आत गेलं नाही हे नक्की. काय खराब असंन? स्प्रिंगा बदलाव्या लागतीन का?


शेतकरी_यवतमाळ

भाऊ आमच्या फवारणी पंपाचा खटका असाच अडकते, गंज काढायचा स्प्रे मारला का मोकळा होते. बटनाच्या फटीत दोन थेंब मारून पाय.


निळंपाणी

स्प्रे अजिबात मारू नको!! वरच्या भाऊंनी चांगल्या मनानं सांगितलं, फवारणी पंपाला ते चालत असेल, पण तुझं हाउसिंग पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचं आहे. पॉलिकार्बोनेटला पेट्रोल, थिनर, ॲसिटोन आणि असले स्प्रे लागले की बारीक बारीक केसासारख्या चिरा पडतात, आज दिसत नाहीत आणि पाण्याच्या दाबाखाली एक दिवस तिथूनच तडकतं. पाणी अडवणाऱ्या आतल्या रबराच्या रिंगा फुगतात ते वेगळंच.

मी मूळचा पुसदकडचा, सध्या अंदमानला डायव्हिंगच्या बोटीवर काम करतो, रोज लोकांची हाउसिंगं धुतो आणि उघडतो. तू जे लिहिलंस त्यात मला दोन वेगळे बिघाड दिसतात, ते एक समजून धरलेस तर गोंधळ होईल. शटरचा खटका वापस येत नाही हा मळाचा बिघाड. आपोआप फोटो मोडमध्ये जाणं हा दाबाचा बिघाड. आणि बाकीची बटनं मेलेली नाहीत रे, एखादं बटन सतत दाबलेलं राहिलं की बऱ्याच कॅमेऱ्यात दुसरी बटनं काम करत नाहीत, टीव्हीच्या रिमोटचं एक बटन धरून ठेवून दुसरं दाबून बघ.

दाबाचं आधी घेऊ. दर 10 मीटर पाण्याला चौरस सेंटीमीटरमागे साधारण 1 किलो दाब वाढतो. तू 3 मीटरवर आहेस म्हणजे 0.3 किलो. बटनाची दांडी 4 मिलिमीटर जाडीची धरली तर तिच्यावर भार येतो फक्त 38 ग्रॅमच्या आसपास. तीच दांडी 40 मीटरवर अर्धा किलो भार सोसते आणि स्प्रिंग त्या हिशोबानं दिलेली असते. म्हणून 38 ग्रॅमला स्प्रिंग हारली असं मला वाटत नाही, तुटलीच असेल तर गोष्ट वेगळी. पण मागचं झाकण बघ. ते 13 बाय 9 सेंटीमीटर असेल तर 117 चौरस सेंटीमीटर झालं, त्याच्यावर 3 मीटरला 35 किलो भार बसतो, म्हणजे सिमेंटच्या पोत्याचा पाऊण हिस्सा. झाकण जाड असलं तरी मधोमध किंचित आत वाकतंच, आणि त्याच्यावर बसवलेली बटनं पण तेवढी कॅमेऱ्याच्या जवळ जातात. बटनाचं टोक आणि कॅमेऱ्याचं बटन यात जागा नीट असेल तर काही बिघडत नाही. पण कॅमेरा आत थोडा मागे सरकून बसला असेल तर जमिनीवर चालेल, आणि खाली गेल्यावर बटन दबेल. तुझं अगदी हेच होतंय.

म्हणून मला सांग, कॅमेऱ्याला मनगटाची दोरी लावून ठेवली आहेस का? कव्हर, स्टिकर, अंगठ्याची पकड असं काही? हाउसिंगच्या आत कॅमेरा धरायला छोटे रबरी गादे असतात, ते सगळे जागेवर आहेत का? एखादा निघून पडला आणि जुन्या मालकानं भलत्या जागी चिकटवला असंही मी पाहिलंय.


वाइंडिंगवाले_काका, आर्वी

निळंपाणीनं मस्त समजावलं बाप्पा. मी सबमर्सिबल मोटरी भरतो, कॅमेऱ्यातलं मले काही समजत नाही, पण पाण्यातली दांडी अन् रबरी रिंग हे तीस सालाचं काम आहे, म्हणून शटरच्या खटक्याचं मी सांगतो.

पोरा, समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ राह्यते. पहिल्या मालकानं नीट धुतलं नसंन तं ते मीठ दांडीच्या फटीत वाळून त्याचे खडे झाले असतीन. वरून तुमच्या तलावाचा गाळ, तो तं पिठापेक्षा बारीक. ग्रीस जुनं होऊन घट्ट झालं असंन तं दोन्ही त्याच्यात कालवल्या जाते अन् मंग स्प्रिंग कितीही चांगली असो, दांडी वापस येत नाही. अन् तसाच दाबत राह्यला तं ते खडे रिंगेले घासतात, आज नुसता खटका अडकते, उद्या पाणी आत जाईन.

पहिले काही खोलू नको. कॅमेरा बाहेर काढ, हाउसिंग रिकामं बंद कर, कोमट पाण्याच्या टोपात रातभर बुडवून ठेव. वर वजन ठेव, नाही तं तरंगन. बोअरचं पाणी घेऊ नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात एवढा क्षार का कूलरच्या जाळीवर पांढरा थर चढते, आरओच्या कॅनचं घे. सकाळी पाण्यातच एकएक खटका पंधरा-वीस वेळा दाबत जा. अर्ध्या लोकायचं काम इथंच होऊन जाते.

नाहीच झालं तं दांडी काढावी लागन. आतून पाह्यशीन तं दांडीच्या टोकाले एक लहान लॉक राह्यते, इंग्रजी ई अक्षरासारखं. ते काढताना हाउसिंग अन् दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक पन्नीत घाल, कारण ते लॉक टणकन उडते अन् मंग घरभर शोधत बसा. लॉक, वायसर, स्प्रिंग ज्या क्रमानं निघते त्या क्रमानं कागदावर मांड अन् फोटो काढून ठेव. रिंग काढाले सुई-पिन लावू नको, जुनं एटीएम कार्ड घे, त्याच्या कोपऱ्यानं निघते. दांडी मऊ ब्रशनं धू, भोक कान साफ करायच्या काडीनं पूस. सिलिकॉनचं ग्रीस दोन बोटात घेऊन रिंग नुसती चमकली पाहिजे, लोंबलं नाही पाहिजे, जास्त लावलं तं गाळच धरून ठेवते.

बेअरिंगचं पिवळं ग्रीस, खोबरेल तेल, व्हॅसलीन लावलं असंन तं आत्ताच सांग.


निळंपाणी

काकांचं शंभर टक्के बरोबर. फक्त एक जोडतो, रिंग कशाची आहे ते बघून ग्रीस लाव. काळी नायट्राइल रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीस चालतं. काही हाउसिंगला रिंगच सिलिकॉनची येते, तिला सिलिकॉनचं ग्रीस लावलं की ती फुगते, तिथं कंपनी जे ग्रीस देते तेच.


तळ्याकाठचा

काका अन् निळंपाणी दादा, तुमचे लय उपकार. काल रातभर टोपात भिजवलं, सकाळी पाणी पाह्यलं तं तळाशी बोटभर जागेत राखेसारखा गाळ बसून होता. शटर पहिल्यापेक्षा मोकळं झालं पण अजून पूर्ण नाही. काका, खोबरेल तेल लावलं होतं जी. मालकानं सांगितलं होतं म्हणून, दोनदा.

दोरी काढून टाकली आहे, स्टिकर नाही, गादे चारही जागेवर आहेत. तरी कॅमेरा मांग सरकला का नाही हे कसं समजन? झाकण लावल्यावर आत काही दिसत नाही, कॅमेरा पण काळा अन् बटनं पण काळी.


वाइंडिंगवाले_काका, आर्वी

ओलं गंध आहे ना घरी? आम्ही बुश अन् शाफ्ट कुठं घासते ते पाह्यले रंग लावतो, तसंच कर. काडीनं गंधाचा बारीक ठिपका आतून बटनाच्या टोकाले लाव, मागच्या सगळ्या बटनायले. कॅमेरा ठेव, झाकण बंद कर, एकही बटन दाबू नको. आता मागच्या झाकणावर मधोमध तळहात ठेवून जोर दे अन् सोड. खोलून पाय कॅमेऱ्यावर कुठं लाल उमटलं ते.

अन् खोबरेल तेल साबणाच्या कोमट पाण्यानं पूर्ण काढ. दांडी खोलल्याशिवाय ते निघणार नाही, आता खोलावंच लागन.


जंगलक्लिक_चंद्रपूर

चांगला धागा चालला आहे. मी फक्त उन्हाचं सांगतो कारण तू एप्रिल-मेमध्ये पण बुड्या मारशील. आपल्याकडं पारा 44-45 ला जाते, तळ्याच्या काठावर उन्हात हाउसिंग बंद केलं अन् सरळ पाण्यात नेलं का आतली गरम हवा थंड होते अन् काचेवर आतून वाफ धरते, तुझे चाळीस सेकंद तिथं पण जातीन. पहाटे घरात सावलीत बंद कर, ओल्या गमछ्यात गुंडाळून ने. गाडीच्या डिक्कीत तं ठेवूच नको. आत सिलिका जेलची पुडी ठेवते का?


तळ्याकाठचा

सापडलं!!!

जंगलक्लिक भाऊनं सिलिका जेल म्हटलं तेव्हाच माह्या डोक्यात आलं. बुटाच्या डब्यातली फुगीर पुडी मी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूनं, लेन्सच्या खाली कोंबून ठेवत होतो, वाफ धरू नये म्हणून. ती पुडी तशीच ठेवून काकायनं सांगितलेलं गंध लावलं अन् झाकणावर तळहात दाबला. खोललं तं फोटो पाह्यच्या बटनावर बरोबर मधोमध लाल टिकली, मेनूच्या बटनावर अर्धवट, बाकी साफ. मंग पुडी काढली, सगळं पुसलं, पुन्हा गंध लावून तेवढ्याच जोरानं दाबलं, एकही ठिपका नाही. म्हणजे पुडी कॅमेऱ्याले मांग ढकलून राहिली होती, मिलिमीटर दीड मिलिमीटर असंन. मी पुडी ठेवायले लागलो अन् बटनाचा त्रास सुरू झाला हे एकाच आठवड्यातलं आहे, पण मनात जोडलंच नाही मी.

शटरची दांडी पण खोलली. पन्नीत हात घालून, बायको पन्नीचं तोंड धरून बसली होती. लॉक खरंच उडालं अन् पन्नीतच पडलं. दांडीवर खोबरेल तेलाचा पिवळा चिकट थर होता अन् त्यात गाळ रुतून, बोटानं घासला तं सँडपेपरसारखा लागे. रिंग काळी आहे पण तिच्यावर एका जागी बारीक चीर दिसते, नखाले लागते. नवीन कुठं भेटन?


वाइंडिंगवाले_काका, आर्वी

शाब्बास पोरा.

चीर आहे तं ती रिंग पुन्हा घालू नको. कंपनीची मागव, आठ-पंधरा दिवस लागले तरी चालते. पंपाच्या दुकानात तशीच दिसणारी भेटते पण जाडीत 0.2 मिलिमीटरचा फरक पडला तरी एक तं दांडी अडकते नाही तं पाणी जाते, अन् ते डोयाले दिसत नाही. घ्यायचीच झाली तं व्हर्नियरनं आतला व्यास अन् जाडी मोजून, नायट्राइलची घे.

नवीन रिंग बसवल्यावर कॅमेरा लगेच घालू नको. रिकाम्या हाउसिंगमध्ये कोरडा टिशू पेपर ठेव, दोरीले बांध, खाली दोन-तीन किलोचा दगड लाव अन् विहिरीत पाच-सहा मीटर सोड. अर्धा तास राहू दे. वर काढल्यावर आधी बाहेरून पूर्ण पूस अन् मंगच खोल, नाही तं झाकणाचं पाणी आत ठिबकते अन् तुले वाटन गळती आहे.


निळंपाणी

पुडी पूर्ण बंद करू नकोस, आपल्याकडच्या पावसाळ्यात लागेल. पण फुगीर नको, बोटाएवढी चपटी घे आणि कॅमेऱ्याच्या खाली तळाला सरकव, पुढे किंवा मागे कुठंच नको. प्रत्येक वेळी ठेवल्यावर एकदा गंधाचा ठिपका लावून बघ. आणि निळे दाणे गुलाबी झाले की ओल शोषून संपली समज, गरम करून परत वापरता येतात पण स्वयंपाकाच्या कढईत अजिबात करू नकोस, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ते विषारी आहे.


तळ्याकाठचा

रिंग मागवली, सोबत दोन जास्तीच्या. तवरपर्यंत शटरची दांडी पन्नीत बांधून, लॉक अन् स्प्रिंग कागदाले टेपनं चिकटवून ठेवली आहे.

विहिरीच्या पहिले आणखी एक विचारतो काका. आमच्या विहिरीत खाली कपार आहे, दगड तिथं अडकला तं दोरी ओढून हाउसिंग आपटन, म्हणून मी दगडाच्या जागी रेतीची पिशवी बांधून राहिलो, चालन ना?


वाइंडिंगवाले_काका, आर्वी

चालन, चांगलंच आहे. पण पिशवीचं तोंड पक्कं शिव, रेती बटनात गेली तं पुन्हा तेच काम.