अनुभव धागा: घरफोडी झाली, पोलीस येऊन गेले... पुढे काय झालं?

धागाकर्ती, इंदिरानगर
दिवाळीत चार दिवस गावी गेलो होतो. परतलो तर कोयंडा कापलेला, कपाटातलं सगळं पलंगावर आणि सासूबाईंची मोहनमाळ गायब. चोरांनी फराळाचे डबेही उघडले. चिवडा संपवला, अनारशांना हात लावला नाही. (अनारसे मी केले होते. असो.) कुलूप कुठलं घ्यावं हे कृपया सांगू नका, ते सगळ्यांनी सांगून झालंय. तक्रार दिल्यावर तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. चोर सापडले का? ऐवज मिळाला का?

सिडकोवासी
आमचे हे अंबडला रात्रपाळीला. अडीचच्या सुमारास समोरच्या बंद घरात खुडबुड झाली म्हणून मी दार उघडायला गेले, तर बाहेरून कडी! मजल्यावरच्या सगळ्या दारांना लावलेली. ११२ फिरवला. गाडी लवकर आली, तरी चोर पसार. पण गस्तीवाले पंचनामा नंतर म्हणत आधी पाथर्डी फाट्याकडे वळले. वाटेत नंबरप्लेटला चिखल फासलेली मोटारसायकल टाकून दिलेली मिळाली. तीही चोरीचीच. तिच्यावरून माग काढत पुढे दोघे धरले.

निवृत्त हवालदार
बरीच वर्षं गुन्हे शोध पथकात काढली, म्हणून जरा लांबण लावतो. कटावणी चालवणारा टोळीत एखादाच असतो. दुसरा दिवसा रेकी करतो: दारात साठलेले पेपर, भर दुपारी जळणारा अंगणातला दिवा. तिसरा गाडीवर. आणि ज्याचा कुणी विचार करत नाही तो चौथा, माल घेणारा. तो हाती लागला की टोळी मोडते. म्हणून चोर धरला की आमचा पहिला प्रश्न, "दिलं कुणाला?" चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हाच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. चोरीसाठी रात्री घर फोडलं तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा शाबीत व्हायला ठसे लागतात. ठसेतज्ज्ञ पोचायच्या आत कपाट आवरून "बसा साहेब, चहा टाकते" म्हणणारी घरं किती पाहिली, मोजदाद नाही.

गंगापूर रोड
आमच्याकडे कॅमेरा होता. पोलीस पेनड्राइव्हवर फुटेज घेऊन गेले. रात्रभराची आंब्याची फांदी. चोर फांदीमागून आले.

पंचवटीकर
आमचा सापडला. पाटल्या जशाच्या तशा, पोतीची मात्र वितळवून लगड. वाटलं, ठाण्यात जाऊन सही करायची नि घेऊन यायचं. तसं नसतं हो! मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळत नाही. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात अर्ज, वकील, बंधपत्र, मग सुपूर्दनामा, म्हणजे माल ताब्यात दिल्याचा कागद. खटला संपेपर्यंत विकायचं नाही, मोडायचं नाही. पाटल्यांची पावती नव्हती, लग्नाच्या अल्बममधल्या फोटोवर ओळख पटली. लगडीवर तीन घरांनी हक्क सांगितलाय, ती अजून तिथेच आहे.

नाशिकरोड
लिहू की नको, असं होत होतं. आमच्या सोसायटीत घरफोडी झाली तेव्हा मागच्या मोकळ्या जागेत भटक्या जमातीच्या लोकांची पालं होती. सगळ्यांनी एकमुखाने तिकडे बोट दाखवलं. मीही दाखवलं. दोन पोरांना दिवसभर बसवून ठेवलं. नंतर निघाला कोण, तर त्याच घरात फर्निचर करून गेलेल्या सुताराचा मदतनीस. तिजोरी कुठे बसवली ते त्याला पाठ. इंग्रजांनी १८७१ साली अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. आमच्या डोक्यातून झाला नव्हता. पालं तेव्हाच उठली, माफी मागायलाही कुणी उरलं नाही.

निवृत्त हवालदार
नाशिकरोड, हे आमच्याकडूनही झालंय. एवढंच म्हणतो.

धागाकर्ती, इंदिरानगर
पंचवटीकर, तुमचं वाचून रात्री सगळे अल्बम काढले. मोहनमाळेसकट सासूबाईंचा फोटो एकच, त्यातही माळ अर्धी पदराखाली. उद्या तोच घेऊन जाते. आणि हवालदार काका, चहा मीच टाकला होता.