मदत हवी आहे : चौकट जुळल्यानंतरची क्यू बिड स्टॉपर विचारते की स्लॅमसाठी नियंत्रण दाखवते?

नमस्कार. मी आणि माझे जोडीदार काही काळापासून डुप्लिकेट ब्रिज (पत्त्यांचा खेळ, ज्यात तेच डाव वेगवेगळ्या टेबलांवर खेळले जातात) नियमितपणे खेळत आहोत. पाच पानी मेजर (इस्पिक किंवा बदाम) आणि पंधरा ते सतरा गुणांचा (एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक) एक नो ट्रम्प (हुकमाशिवायचा खेळ) अशी आमची साधी पद्धत आहे. प्रतिस्पर्ध्यांनी मध्ये बोली लावल्यानंतर त्यांच्याच रंगाची बोली (क्यू बिड) आपण लावली, तर तिचा अर्थ काय घ्यावा, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. ज्या डावावरून ही चर्चा सुरू झाली, तो खाली देतो.

दोन्ही बाजू व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही जास्त), सांघिक सामना. दक्षिणेला मी होतो. माझी पाने : इस्पिक ७४, बदाम एक्का ८३, चौकट एक्का-राजा-राणी ९६२, किलवर एक्का ५. उत्तरेला जोडीदारांची पाने : इस्पिक राजा ९३, बदाम ७५२, चौकट गुलाम ८७३, किलवर राणी ८६.

मी एक चौकट बोललो, पश्चिमेने एक इस्पिकचा ओव्हरकॉल (मध्ये लावलेली बोली) केला, जोडीदारांनी दोन चौकट असा पाठिंबा दिला आणि पूर्वेने पास केला. त्यावर मी दोन इस्पिक बोललो. चौकटीचे सहा हात (जिंकता येणाऱ्या फेऱ्या) आणि दोन एक्के मला समोर दिसत होते आणि इस्पिक एकदा अडवता आले की तीन नो ट्रम्प होणार होते, म्हणून माझी बोली म्हणजे ‘इस्पिकचा स्टॉपर (तो रंग अडवणारे पान) आहे का?’ हा प्रश्न होता. जोडीदारांनी मात्र ती स्लॅमच्या (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीच्या) दिशेने केलेली क्यू बिड मानली. माझ्याकडे इस्पिकचा एक्का किंवा एकच पान असेल असे समजून, आपले सहाच गुण पाहून, ते तीन चौकटीवर परतले. स्टॉपर नाही असा अर्थ घेऊन मी पाच चौकट बोललो. पश्चिमेने हुकमाची उतारी करूनही किलवरचा राजा, इस्पिकचा एक्का आणि बदामाचा एक असे तीन हात गेलेच आणि डाव एका हाताने बुडाला. दुसऱ्या टेबलावर उत्तरेने तीन नो ट्रम्प खेळून नऊ हात केले. आमचे उणे शंभर आणि त्यांचे सहाशे मिळून सातशेचा फरक, म्हणजे बारा आयएमपी (सांघिक सामन्यात फरकावरून मिळणारे गुण).

माझे प्रश्न असे आहेत. चौकट किंवा किलवर जुळल्यावर तीन नो ट्रम्पच्या खालची क्यू बिड नेमकी काय सांगते? ती विचारणा असेल, तर कमी गुणांच्या जोडीदाराने उत्तर कसे द्यावे? प्रतिस्पर्धी दोन रंग बोलले असतील, तर अर्थ बदलतो का? शिवाय जोडीदारांना अशी शंका आहे की उत्तरेने नो ट्रम्प खेळल्यास पूर्वेची उतारी होईल आणि पश्चिमेच्या एक्का-राणीसमोर राजा अडकेल. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद

आपण डाव पूर्ण दिलात, हे फार बरे केलेत, कारण या विषयात नुसत्या व्याख्यांवर होणारी चर्चा पुढे सरकत नाही.

मूळ कारण गुणमोजणीत आहे. पाच चौकटीला अकरा हात लागतात, तर तीन नो ट्रम्पला नऊच, आणि गेमचा (ठरावीक उंचीच्या बोलीचा) बोनस दोन्हींना सारखाच मिळतो. त्यामुळे मायनर रंग (चौकट किंवा किलवर) जुळला की पहिला शोध तीन नो ट्रम्पचा असतो आणि त्याखालची क्यू बिड आधी त्याच दृष्टीने वाचावी. तिच्यामागे खरोखर स्लॅमचा विचार असेल, तर जोडीदाराने तीन नो ट्रम्प म्हटल्यानंतरही बोली पुढे नेऊन ती व्यक्ती तो उघड करते. तोपर्यंत उत्तर देणाऱ्याने स्लॅमचा विचारच करू नये, असे माझे ठाम मत आहे. आपण दोघांनी एवढी एक गोष्ट पक्की ठरवली, तरी निम्मे प्रश्न सुटतील.

आपल्या डावात उत्तरेने दोन नो ट्रम्प म्हणायला हवे होते. स्टॉपर आहे पण गुण किमान आहेत, हे त्यातून कळते, आणि आपली सतरा गुणांची पाने ते तीनवर नेतात. पाठिंब्याच्या मर्यादेत कमाल गुण असते, तर थेट तीन नो ट्रम्प. तीन चौकट म्हणजे पूर्ण स्टॉपर नाही. त्यानंतर आपण तीन इस्पिक अशी दुसरी क्यू बिड केलीत, तर ‘माझ्याकडे अर्धा स्टॉपर आहे, तुमच्याकडे अर्धा आहे का?’ असे विचारता येते. एका बाजूला राणी आणि एक पान, दुसऱ्या बाजूला गुलाम आणि दोन पाने असली, तर प्रतिस्पर्ध्यांचे एक्का आणि राजा पडून गेल्यावर तिसऱ्या फेरीत गुलाम मोठा ठरतो. इथे नीट लक्ष द्या : ही दुसरी क्यू बिड फक्त इस्पिकबद्दल आहे, बदाम किंवा किलवर त्यातून विचारले जात नाहीत.

प्रतिस्पर्धी दोन रंग बोलले असतील, तर विचारणे सोडून दाखवण्याची पद्धत घ्यावी. समजा, आपली बाजू एक चौकट आणि दोन किलवर बोलली आहे आणि त्यांची बाजू एक बदाम आणि दोन इस्पिक. आता आपली तीन बदाम ही बोली बदामाचा स्टॉपर दाखवते आणि इस्पिकची काळजी सुचवते. तीन इस्पिकचा अर्थ नेमका उलटा. एक रंग असताना विचारा, दोन रंग असताना दाखवा, असे लक्षात ठेवल्यास टेबलावर गडबड होत नाही.

जोडीदारांच्या शंकेबद्दल. राजा उत्तरेकडे असून उत्तरच डाव खेळत असेल, तर पूर्वेच्या उतारीवर डमीचे (जोडीदाराच्या उघड्या मांडलेल्या पानांतले, इथे दक्षिणेचे) पान आधी, मग पश्चिमेचे आणि शेवटी उत्तरेचे पडते. पश्चिमेने एक्का टाकला की राजा पुढच्या फेरीला होतो, राणी टाकली की लगेच होतो. त्यामुळे आपल्या डावात भीतीचे कारण नव्हते. खरा धोका तेव्हा असतो, जेव्हा राजा आणि एक पान आपल्याच हातात, म्हणजे दक्षिणेला असते आणि उत्तर डाव खेळते. तेव्हा पूर्वेची उतारी डमीतल्या राजावरून जाते आणि पश्चिम त्याच्यामागे एक्का-राणी घेऊन बसलेला असतो. म्हणून राजा आणि एक पान स्वतःकडे असेल, तर विचारणा न करता नो ट्रम्प स्वतःच बोलावे.

दोन अपवाद सांगतो. मेजर रंगाच्या ओपनिंगनंतर (पहिल्या बोलीनंतर), उदाहरणार्थ एक बदाम, त्यांचा एक इस्पिक आणि जोडीदाराचे लगेच दोन इस्पिक, या क्यू बिडचा स्टॉपरशी संबंध नाही. ती बदामाला गेम-इन्व्हिटेशनचा (गेमसाठी आमंत्रण देणारा) किंवा त्याहून चांगला पाठिंबा दाखवते. आणि प्रतिस्पर्ध्याने थेट तीन इस्पिक म्हटले, तर विचारायला जागाच उरत नाही, कारण चार इस्पिक ही बोली तीन नो ट्रम्पच्या वर जाते. तिथे स्टॉपर असेल तर स्वतःच निर्णय घ्यावा लागतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. पानांच्या क्रमाचा मुद्दा जोडीदारांना पटला आणि दोन नो ट्रम्पचे उत्तरही आम्ही लिहून घेतले आहे. एक शंका उरली. एक चौकट, त्यांचा एक इस्पिक आणि जोडीदाराचे लगेच दोन इस्पिक, म्हणजे मायनर रंगाच्या ओपनिंगवरची थेट क्यू बिड, हीसुद्धा विचारणा मानावी का?

प्रतिसाद

नाही. तीही आधी पाठिंबाच दाखवते : चौकटीची लांबी आणि इन्व्हिटेशनचे किंवा त्याहून जास्त गुण. पण आपल्याकडे इस्पिकचा स्टॉपर असेल, तर तिच्यावर आपण दोन नो ट्रम्प म्हणू शकता आणि नसेल पण गेमची ताकद असेल, तर तीन इस्पिक म्हणून आपणच विचारू शकता. म्हणजे पहिली क्यू बिड रंग जुळवते, दुसरी स्टॉपर शोधते.