विषय: मतपत्रिकेच्या तळाशी असलेले जज

प्रेषक: मीनल

नमस्कार मंडळी,
काल इथे टेक्ससमध्ये शुगरलँडला अर्ली व्होटिंग, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीच मतदान केलं. वरची चार नावं ओळखीची होती, मग ‘डिस्ट्रिक्ट जज’ सुरू झाले ते संपेचनात. शेवटी आडनावं बघून बोट ठेवलं, खोटं कशाला बोलू! पण न्यायाधीश निवडून कशाला द्यायचे? आपल्याकडे एमपीएससीची परीक्षा देऊन होतात की.

प्रेषक: अप्पा

मीनल, 2020 पासून टेक्ससमध्ये एका खुणेत अख्ख्या पक्षाला मत देता येत नाही. त्यामुळे तळापर्यंत जाणं आलंच. आणि ‘काउंटी जज’ला यात धरू नकोस. तो काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, कारभारी, त्याला वकिलीची सनदही लागत नाही. खून-दरोड्याचे खटले चालतात ते डिस्ट्रिक्ट कोर्टात.

आपल्या फोर्ट बेंड काउंटीच्या 240 व्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे जज सुरेंद्रन पट्टेल केरळातल्या कासरगोडचे. दहावीनंतर शाळा सुटली, बहिणीबरोबर विड्या वळत होते. मी सोलापूरचा, मला लगेच आमची गल्ली आठवली. मांडीवर सूप, कात्रीने कापलेलं तेंदूचं पान, त्यात चिमूटभर तंबाखू, वर दोरा. हजार विड्या झाल्याशिवाय बायका मान वर करत नसत. त्यातून हा माणूस 1995 मध्ये कालिकतला कायद्याचा पदवीधर झाला. बायको नर्स, म्हणून 2007 मध्ये इकडे आले. सुरुवातीला वाणसामानाच्या दुकानात काम केलं. मग टेक्ससची बार परीक्षा, म्हणजे वकिलीची परीक्षा, 2017 मध्ये नागरिकत्व. 2020 मध्ये उभे राहिले नि पडले. 2022 मध्ये मात्र स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) खुर्चीवरच्या जजला हरवलं आणि नोव्हेंबरात निवडून आले. प्रचारात त्यांच्या उच्चारांची टिंगल झाली. (आपण तरी ‘व्ह’ कुठे नीट म्हणतो?)

प्रेषक: सुधीर

अप्पा, कौतुक आहेच. पण न्यायाधीशाच्या नावापुढे पक्ष कशाला? ज्या वकिलांनी त्याच्यापुढे उभं राहायचं, तेच प्रचाराला देणगी देतात. मला हे पटत नाही.

प्रेषक: अप्पा

मलाही नाही, सुधीर. पण तुझी-माझी फिर्याद तिथेच जाणार, आणि दर चार वर्षांनी त्याला आपल्या दारी यावं लागतं. सोलापूरचा जिल्हा न्यायाधीश कुणाच्या दारी येतो? पूर्वी इथे चार वर्षांची वकिली पुरत असे. 2021 मध्ये लोकांनीच राज्यघटना बदलून ती आठ केली, 2025 पासून लागू. तेही मतपत्रिकेवरच होतं. तेव्हा तू मत दिलंस का?

प्रेषक: सुधीर

नाही.

प्रेषक: मीनल

अप्पा, रनऑफ (कुणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्यास होणारी दुसरी फेरी) झाला तर रविवारी तुमच्याकडे चहाला येते, नमुना मतपत्रिका छापून. बूथमध्ये फोन चालत नाही, कागद चालतो. सुधीरदादा, तुमचीही एक प्रत आणू का?