वारसाने आलेल्या तीन लिव्हर रायफली: कुठल्या दोन ठेवाव्यात, आणि .३२ स्पेशलचं चेंबर बदलता येईल का?

म्हादईकाठ
सत्तरीतल्या एका घरच्या दोन जुन्या परवान्यांवर मिळून तीन लिव्हर रायफली (खालचा दांडा ओढून काडतूस भरायच्या) आहेत. दोन्ही परवानाधारक हयात नाहीत, वारस एकच. रायफली सध्या परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा आहेत.

१) विंचेस्टर ९४, .३२ स्पेशल, १९६४ पूर्वीची
२) मार्लिन ३३६, .३०-३०
३) सॅव्हेज ९९, .३०० सॅव्हेज

एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे एक सोडावी लागणार. .३२ स्पेशलची काडतुसं कुठेच मिळत नाहीत. तिचं चेंबर (नळीचा मागचा, काडतूस बसतं तो भाग) .३०-३० ला कापून घेतलं तर दोन्ही रायफलींना एकच काडतूस चालेल, असा विचार आहे. शक्य आहे का? आणि तिघींत बांधणीने सरस कुठली? वापर फक्त रेंजवर. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, तो विषय नको.

घडणकाम
चेंबर बदलण्याचा पहिला नियम असा की रीमर (चेंबर कोरणारं अवजार) धातू काढतो, भरत नाही. नवं चेंबर जुन्याला सगळीकडून गिळणारं हवं आणि नळीचा बोअर (आतलं छिद्र) नव्या गोळीइतका किंवा तिच्याहून लहान हवा. तुमचा बेत नेमका उलट्या दिशेने जातो.

.३२ स्पेशलच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा व्यास ०.३२१ इंच, .३०-३० ची गोळी ०.३०८. तेरा हजारांश इंचाची फट राहिली तर गोळी खाचा पकडणारच नाही, बाजूने गॅस निसटेल आणि कागदावर भोकं आडवी पडतील. यातला खरा धोका वेगळा आहे. दोन्ही काडतुसं .३८-५५ च्या एकाच घराण्यातली. रिम (कवचाच्या बुडाची कड) दोन्हींची ०.५०६ इंच, पितळी कवचाची लांबीही जवळपास सारखी (२.०४ इंच). त्यामुळे .३०-३० चं काडतूस .३२ च्या चेंबरमध्ये निमूट बसतं आणि उडतंही. कवचाची मान फुगते किंवा चिरते. या दोन रायफली एकाच कपाटात ठेवायच्या असतील तर काडतुसांचे डबे कुलूप लावून वेगळे ठेवा.

उलट दिशा जमते: .३०-३० ची नळी पोखरून .३२ किंवा .३८-५५ करता येते. तुमची .३२ सुद्धा .३८-५५ होऊ शकते. पण ती काडतुसं तरी कुठून आणणार? शिवाय एक सापळा आहे. १९७८ चं .३७५ विंचेस्टर हे काडतूस .३८-५५ च्या चेंबरमध्ये बसतं, कारण त्याचं कवच थोडं आखूड आहे. त्याचा कमाल दाब मात्र ५२,००० सीयूपी (दाबाचं एक माप), आणि .३८-५५ चा ३०,०००. विंचेस्टरने त्यासाठी ९४ ची रिसीव्हर (नळीमागचा मुख्य सांगाडा) मागच्या बाजूला मुद्दाम जाड केली होती. जुन्या ९४ मध्ये ते कधीच घालू नये.

डिचोली_रेंज
.३२ ची काडतुसं नाहीत, पण आपल्याकडे .३१५ मिळतात. सरकारी कारखान्याचीच असतात. ०.३१५ आणि ०.३२१ मध्ये फरक तो किती? रीमर फिरवून .३१५ केली तर?

घडणकाम
हा प्रश्न आला ते बरं झालं. नावातल्या आकड्यांवरून हे ठरत नाही, कवच मोजायला हवं. .३१५ हे जुन्या ८×५० मॅनलिखर रिमवाल्या काडतुसावर बेतलेलं आहे. त्याची रिम सुमारे १४ मिमी, तर ९४ चा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा तुकडा) १२.९ मिमीच्या रिमसाठी घडवलेला. पूर्ण काडतूस सुमारे ७६ मिमी लांब, आणि .३०-३० ची कमाल लांबी ६४.८ मिमी. ९४ चा कॅरियर, म्हणजे काडतूस वर उचलणारा तुकडा, आणि रिसीव्हरचं तोंड या दोहोंत ते मावतच नाही. बोल्टचा चेहरा कोरून मोठा केला तर एक्स्ट्रॅक्टरभोवती (कवच ओढून काढणाऱ्या आकडीभोवती) धातू उरत नाही. एवढं करूनही एकेक काडतूस हाताने भरायची रायफल पदरात पडेल, आणि तीसुद्धा मागून लॉक होणाऱ्या जुन्या पोलादात. करू नका.

.३०-०६ चंही तेच. तीही इथे मिळते, पण पूर्ण काडतूस ३.३४ इंच. जुन्या लिव्हर रायफलींत ते पेलण्यासाठी पेटी-मॅगझिनची विंचेस्टर १८९५ होती. सॅव्हेज ९९ मध्ये ते शिरणार नाही.

९४ ला .३०-३० च करायची असेल तर सरळ मार्ग म्हणजे नवी .३०-३० ची नळी. बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, कॅरियर तेच चालतात, ही या घराण्याची सोय. पण नळी आट्यांवर नुसती घट्ट बसली म्हणून काम झालं नाही. एक्स्ट्रॅक्टरची खाच, मॅगझिनच्या नळीचा पट्टा आणि माशी (नेमाची पुढची खूण) हे तिन्ही एकाच वेळी सरळ यावे लागतात, आणि मग गेजने हेडस्पेस (मिटलेला बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) तपासावी लागते. रिमची जाडी ०.०६३ इंच. गो-गेजवर (किमान माप) बोल्ट पूर्ण मिटला पाहिजे, नो-गोवर (कमाल माप) मिटता कामा नये. जुन्या ९४ मध्ये लॉकिंग ब्लॉक (बोल्टला मागून अडवणारा ठोकळा) झिजलेला असला तर नळी नवी असूनही नो-गोवर बोल्ट मिटतो. म्हणून आधी ब्लॉक बघायचा, नळीचं नंतर.

दफ्तर
कागदांची बाजू सांगतो, कारण इथे बहुतेक जण उशिरा जागे होतात.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ हत्यार दुरुस्त करणं आणि बदलणं हे परवानाधारक कारागिराचंच काम ठरवतं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ मध्ये भर पडली: शस्त्र नियम २०१६ मधल्या एका वर्गातलं हत्यार परवान्याशिवाय दुसऱ्या वर्गात बदलायचं नाही. म्हणजे वर्ग बदलत नसला तरी बोअर बदलायचा तर आधी जिल्हाधिकारी कचेरीत लेखी अर्ज, मग कारागीर. सत्तरीसाठी पणजी. चेंबर किंवा नळी बदलून झाल्यावर परवान्यात नोंद करून घेऊ, हा क्रम चालत नाही.

दोनची मर्यादा वारसालाही लागू आहे, २०१९ च्या दुरुस्तीत ते स्पष्ट लिहिलंय. तिसरी दुसऱ्या परवानाधारकाच्या नावे करा किंवा विक्रेत्यामार्फत विका. जमा करून ठेवलीत ते योग्य केलंत, कलम २१ त्यासाठीच आहे.

आणि परवान्यावरची जुनी नोंद वाचा. कित्येक ठिकाणी नुसतं '.३२' लिहिलेलं सापडतं. इथे .३२ म्हटलं की विक्रेत्याच्या डोळ्यांपुढे रिव्हॉल्व्हर येतं. ती काडतुसं या रायफलीच्या चेंबरमध्ये खुळखुळतील. नोंदीत '.३२ विंचेस्टर स्पेशल, रायफल' एवढं पूर्ण लिहून घ्या, सोबत नळीवरचा शिक्का आणि सिरीयल नंबर.

घडणकाम
बांधणीबद्दल.

तिघींत सरस सॅव्हेज, यात मला शंका नाही. फिरतं मॅगझिन असल्याने काडतुसं एकामागे एक टेकत नाहीत, म्हणून टोकदार गोळी चालते. नळी-मॅगझिनमध्ये पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर मागच्याचं टोक येतं, तिथे चपट्या नाकाचीच गोळी हवी. १५० ग्रेनच्या गोळीला .३०० सॅव्हेज सेकंदाला सुमारे २,६०० फूट देते, .३०-३० सुमारे २,४००.

सॅव्हेजचा नाजूक भाग लाकूड आहे. रिसीव्हरमागे टँगच्या (दस्त्यात जाणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) दोन्ही बाजूंना दस्ता चिरतो, कारण दस्ता आवळणारा मागचा बोल्ट सैल झाला की सगळा धक्का दोन अरुंद कडांवर येतो. दस्ता काढून आतून बघा, बाहेरून चीर बऱ्याचदा दिसत नाही.

मार्लिनमध्ये कॅरियरच्या बुडाला लिव्हरच्या कडेने पडलेली खाच शोधा. ती खोल झाली की मॅगझिनमधून दुसरं काडतूस कॅरियरखाली घसरतं आणि रायफल अर्ध्यात अडकते. लिव्हर जोराने ओढून ती सुटत नाही. कॅरियर दुरुस्त करावा किंवा बदलावा, आणि लिव्हरची धारदार कड किंचित गोल करून घ्यावी. कवच बाजूने बाहेर पडत असल्याने दुर्बीण बसवायची तर तिघींत मार्लिनच सोपी. जुनी ९४ कवच वर फेकते.

म्हादईकाठ
म्हणजे सॅव्हेज आणि मार्लिन. सॅव्हेजला .३०८ विंचेस्टर करून घ्यावं का? बोअर तोच ०.३०८, आणि .३०८ चं कवच लांब, म्हणजे धातू काढायच्याच दिशेला.

घडणकाम
दिशा बरोबर ओळखलीत, पण नको. कवच १.८७ वरून २.०१५ इंचांवर जातं आणि पूर्ण काडतूस २.६ वरून २.८ वर, म्हणजे मॅगझिनचा फिरता चाकसुद्धा बदलावा लागतो. .३०० सॅव्हेजचा कमाल दाब ४७,००० पीएसआय, .३०८ चा ६२,०००. नंतरच्या ९९ कारखान्यातूनच .३०८ मध्ये निघाल्या, पण त्यावरून जुन्या रिसीव्हरला तो भार झेपेल असं धरू नये.

दफ्तर
शिवाय .३०८ च्या चेंबरमध्ये सैन्याचं ७.६२ बसतं. सैनिकी काडतूस उडवू शकणारा बोअर म्हणजे प्रतिबंधित (नेहमीच्या परवान्यावर न मिळणाऱ्या) बोअरचा प्रश्न ओढवून घेणं. चांगल्या हत्याराचा परवाना त्यात अडकवू नका.

घडणकाम
९४ विकण्याआधी, किंवा कुठलीही रायफल विक्रेत्याकडे पावसाळाभर राहणार असेल तर, पुढचं लाकूड आणि मॅगझिनची नळी उतरवून नळीचा खालचा भाग तपासायला सांगा. आपल्या दमट हवेत गंज आधी तिथे धरतो, आणि वरून निळसर पॉलिश चकचकीत राहते. कातडी म्यानात ठेवू नये, कातडं पाणी धरतं. चेंबरला पातळ तेलाचा हात, आणि वापरण्याआधी तेच तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं. तेलकट चेंबरच्या भिंतीला कवच चिकटत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो, आणि मागून लॉक होणाऱ्या या रायफलींचे लॉक त्यानेच लवकर झिजतात.