मदत हवी आहे: कमी पैशांत फ्रिज आणि धुण्याचं मशीन, या वेळी फसायचं नाहीये

नमस्कार,

घरात आम्ही पाच जण. ह्यांचं काम निम्म्यावर आलंय आणि माझं शिवणकाम कधी असतं, कधी नसतं. त्यामुळे विचारतेय ते अगदी मनापासून, अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा.

सासूबाईंना रोज इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, म्हणून फ्रिज ही आमच्यासाठी चैन नाही. मागच्या वर्षी जुन्या मालाच्या एका दुकानातून घेतला. आम्ही गेलो तेव्हा तो चालूच होता. आत हात घातला तर गारेगार, बाहेरून रंग नवाकोरा. तीन आठवड्यांत गारवा उतरला. मेकॅनिक म्हणाले, गॅस संपलाय. भरून घेतला. दीड महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी फ्रीजरच्या पत्र्याला साबणाचं पाणी लावलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. एका कोपऱ्यात बारीक बुडबुडे येत होते. कुणीतरी कधीतरी सुरीने बर्फ खरवडलेला, त्यात पत्र्याला भोक पडलेलं, आणि वरून लांबी भरून रंगवून टाकलेलं. ते म्हणाले, "ताई, फ्रिजमधला गॅस संपत नसतो. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर परत जाणारच." दोनदा गॅसला घातलेले पैसे डोळ्यांसमोर आले आणि रडूच आलं.

सध्या कुप्या शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये असतात. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण त्या परगावी निघाल्या की माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरं म्हणजे धुणं. सासूबाईंच्या चादरी रोज धुवाव्या लागतात. घासायचं जमतं, पण पिळताना मनगटातून कळ जाते, आणि त्याच हातांनी मला शिवायचंही असतं.

तर, पुन्हा जुना फ्रिज घेण्याचं धाडस करावं का हप्त्यांनी नवा घ्यावा? जुना घेतला तर बघायचं काय? आणि दुकानांखेरीज कुठे शोधता येईल?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. जुना घ्यायला हरकत नाही, पण तो बंद असताना बघायचा. आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही आल्यावरच चालू करायचा. गेल्यावर मागच्या कॉम्प्रेसरला हळूच हात लावा, तो थंड हवा. आतही गारवा नको. मग चालू करून तासभर तिथेच बसा. लाजू नका, ज्याचा माल चांगला तो बसू देतो. फ्रीजरच्या पत्र्यावर सगळीकडे सारखं दव धरलं पाहिजे. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी पत्रा कोरडा असेल तर गॅस कमी आहे, उठून या. पत्र्यावर ओरखडे किंवा वेगळा रंग दिसला तरी नको.

दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून गारवा जातो. रबर बदलता येतं, पण तेवढी किंमत कमी करून घ्या.

एकदारी, हाताने बर्फ वितळवायचा साधा फ्रिज घ्या. दोनदारी फ्रॉस्ट फ्रीमध्ये (ज्यात बर्फ आपोआप वितळतो) पंखा, हीटर, सेन्सर असं बरंच काही असतं. जुना झाला की त्यातलं एकेक बिघडत जातं. आणायचा तो उभाच आणा. आडवा आणलात तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, म्हणून उभा करून काही तास तसाच राहू द्या आणि मगच बटण दाबा. भिंतीपासून वितभर पुढे ठेवा. बर्फ सुरीने कधीही काढू नका, फ्रिज बंद करून आपोआप वितळू द्या. आणि दुकानदाराकडून हमीची मुदत लिहून घ्या, तोंडी नको.

प्रतिसाद २

हप्त्यांबद्दल. दुकानात गेलात की सगळे हप्ते, सुरुवातीची फी आणि गळ्यात मारलेला विमा हे कागदावर एकाखाली एक लिहून बेरीज करा. मग विचारा, रोख दिले तर कितीला द्याल? "बिनव्याजी" म्हणतात तिथेही रोखीवर सूट मिळत असेल, तर ती सूट म्हणजेच तुमचं व्याज. एक हप्ता चुकला तर किती दंड, हेही सहीच्या आधी विचारा, कारण तुमच्याकडे पैसे दर महिन्याला सारखे येत नाहीत.

विजेचा हिशोबही त्याच कागदावर मांडा, कारण फ्रिज बारा महिने चोवीस तास चालतो. फ्रिजवरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. समजा, दोन फ्रिजमध्ये वर्षाला २०० युनिटचा फरक आहे. त्याला तुमच्या युनिटच्या दराने गुणा आणि फ्रिज जितकी वर्षं वापरणार तितक्या वर्षांनी गुणा. फुकटात मिळालेला मोठा, जुना फ्रिजसुद्धा मग महाग पडू शकतो. लागेल तेवढाच लहान घ्या.

   

प्रतिसाद ३

काकू, तुमचा त्रास पिळण्याचा आहे ना? मग पूर्ण मशीन कशाला? सेमी ऑटोमॅटिकमध्ये धुण्याची आणि सुकवण्याची मोटर वेगवेगळी असते. धुण्याची जळली की लोक अख्खं मशीन भंगारात काढतात, पण त्याचा ड्रायर, म्हणजे कपडे गरगर फिरवून पिळणारा भाग, चांगला असतो. तसं एखादं मिळालं तर तुमचं काम होईल. ओली चादर टाकून फिरवून बघा. टब फार हादरायला नको आणि झाकण उघडल्यावर लगेच थांबायला हवा. न थांबणारा ड्रायर मुलांच्या घरात अजिबात नको. घरात अर्थिंग आहे का, तेही वायरमनकडून तपासून घ्या, पाण्याचं काम आहे.

फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेलं मशीन, जुनं घेऊ नका. घ्यायचंच झालं तर आत हात घालून ड्रम वर उचलून बघा. हलला तर बेअरिंग गेलं, आणि ते बदलणं फार खर्चाचं असतं.

शोधायचं कुठे, तर घर बदलणारी माणसं, बंद होणारी वसतिगृहं आणि कार्यालयं, नवीन मालात पोचा आलेले किंवा मांडून ठेवलेले पीस. दुरुस्तीवाल्यांकडे लोकांनी न नेलेले, नीट केलेले फ्रिज पडून असतात, आधी तिथे विचारा. आणि इन्सुलिनचं कारण रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात नक्की सांगा. मदत करणाऱ्या संस्था त्यांना माहीत असतात.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. भोक दाखवणाऱ्या त्याच मेकॅनिकना विचारलं. त्यांच्याकडे एका गिऱ्हाइकाने सोडून दिलेला एकदारी फ्रिज होता. सव्वा तास बसून पाहिला, दव सारखं धरलं. कागदाची पट्टी एका बाजूने निघाली, तर त्यांनी रबर बदलून दिलं. सहा महिन्यांची हमी लिहून दिली आणि पैसे तीन वेळा मिळून द्यायचे ठरले.

उभाच आणला. मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी ठेवून त्यात थर्मामीटर उभा केला. रात्री ९ अंश होता, सकाळी ५. दुपारी दार बऱ्याचदा उघडलं तरी ६च्या वर गेला नाही. दोन दिवस असंच पाहिलं आणि मग वहिनींकडच्या कुप्या घरी आणल्या. फ्रीजरपासून लांब ठेवल्यात, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

आता फक्त ड्रायर शोधतेय. धुण्याची बाजू बंद पडलेलं सेमी ऑटोमॅटिक कुणाकडे असेल तर कृपया कळवा.