जांभ्याच्या जोत्यावर पुन्हा सिमेंट भरावे का?

प्रश्न (डिचोलीहून):
आमच्या वडिलोपार्जित घराचे जोते जांभ्या चिऱ्यांचे असून सात वर्षांपूर्वी त्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. यंदाच्या पावसाळ्यानंतर तो पुढच्या पायरीजवळ फुगला. बोटाने दाबताच पापुद्रा निघाला आणि मागच्या चिऱ्याची नाचणीच्या पिठासारखी भुकटी हातात आली; तिच्यात पांढरे कणही दिसले. पुन्हा सिमेंट भरून वर रंग लावावा, असे गवंड्याचे मत आहे. ते मानावे का?

उत्तर (फोंड्याहून):
मानू नये. जांभा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतील ओल त्यातून वर चढते आणि उघड्या अंगाने वाळून जाते. सिमेंटने ती वाट अडवली की ओलीबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागेच साचून त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचे कण सुटे करतात. तुम्ही पाहिलेले पांढरे कण म्हणजे हाच लोणा. सिमेंट छिन्नीने हळूहळू उतरवावे, ब्रेकर लावू देऊ नये. लोणा कोरड्या कुंचल्याने झाडावा, त्यावर ॲसिड मुळीच ओतू नये. जो चिरा आतपर्यंत पोखरला असेल त्याचा खराब भाग चौकोनी काढून तशाच पोताचा तुकडा चुन्यात बसवावा. उथळ खळग्यांना चुना, वाळू आणि जांभ्याची बारीक पूड यांचे मिश्रण पुरते. वरून गिलावाही चुन्याचाच हवा. दगड उघडा ठेवण्याची हल्ली हौस आहे खरी, पण जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात काढल्यापासून तिचा जांभा पावसात झिजत आहे.

उत्तर (म्हापशाहून):
वरील मताशी सहमत आहे; मात्र गिलावा पायरीजवळच का फुगला, हे आधी शोधावे. बहुधा तेथे पागोळ्यांचे पाणी आपटत असावे. चुन्याचे काम दिवाळीनंतर काढावे आणि ते उन्हाने झटकन वाळू नये म्हणून काही दिवस ओली गोणपाटे लावावीत, कारण चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. काम लवकर उरकावे म्हणून गवंडी त्यात गुपचूप सिमेंट मिसळतात, तेव्हा कालवताना स्वतः उभे राहावे.

प्रश्नकर्ता:
शिडी लावून पाहिले. पन्हळीचा सांधा नेमका पायरीच्या वरच उसवलेला आहे. ती आधी बदलतो, चुन्याचे काम त्यानंतर.