शेफलरचा २०२४ चा सीझन: १९ पैकी १२ स्पर्धा हरला तरी एवढं कौतुक का?

गोदाकाठी
नमस्कार मंडळी. गोल्फमधलं मला शून्य कळतं हे आधीच सांगून टाकतो. ऑगस्टमध्ये ऑलिम्पिक बघता बघता पॅरिसचं गोल्फ लागलं, तो उंच अमेरिकन स्कॉटी शेफलर शेवटच्या दिवशी ६२ मारून (म्हणजे १८ होल ६२ फटक्यांत) गोल्ड घेऊन गेला आणि पोडियमवर राष्ट्रगीत लागल्यावर ढसाढसा रडला, तेव्हापासून नाद लागलाय. आता वर्ष संपताना जिथं तिथं वाचतोय की टायगर वुड्सनंतरचा सगळ्यात भारी सीझन वगैरे. पण आकडे बघितले तर पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रो गोल्फच्या मालिकेत, १९ स्पर्धा खेळला आणि ७ जिंकला, म्हणजे १२ हरला ना? टेनिसमध्ये नंबर एकचा माणूस इतक्या वेळा हरला तर लोक नावं ठेवतील. शिवाय हा फेडेक्स कप म्हणजे काय, कट म्हणजे काय, आणि शेवटच्या स्पर्धेत तो खेळ सुरू व्हायच्या आधीच १० अंडर कसा काय होता? कुणीतरी वेळ काढून समजवा. लिंका नकोत, तुमच्या शब्दांत सांगा.

डॅलसकर
आमच्या गावचा माणूस आहे त्यामुळे मीच सुरुवात करतो :)

टेनिसमध्ये समोर एकच असतो हो, आणि हरलेला घरी जातो. इथं गुरुवारी सकाळी दीडशेच्या आसपास लोक एकदम सुरू करतात, चार दिवस, ७२ होल, आणि त्यातला एक जिंकतो. त्या दीडशेत एखादा कुणीतरी, ज्याचं नावही तुम्ही ऐकलेलं नसतं, त्या आठवड्यात आयुष्यातलं सगळ्यात भारी पटिंग, म्हणजे जवळून चेंडू होलमध्ये ढकलणं, करत असतो. त्यामुळे वर्षात दोन जिंकला तरी त्या प्लेयरचं वर्ष सोन्याचं. टायगरने करिअरमध्ये ८२ जिंकल्या, पण त्याचीसुद्धा सरासरी काढली तर चारपैकी एकही धड भरत नाही. शेफलरने एका वर्षात तीनपैकी एकाच्या वर मारल्या. आणि "हरला" त्या १२ मध्ये काय झालं ते पण बघा, १९ पैकी १६ वेळा पहिल्या दहात होता आणि कट, म्हणजे दोन दिवसांनंतरची गाळणी, एकदाही चुकला नाही.

गंमत म्हणजे फेब्रुवारीपर्यंत सगळे त्याला पटिंगवरून धुवत होते. टीपासून ग्रीनपर्यंत, म्हणजे पहिल्या फटक्यापासून होलभोवतीच्या हिरवळीपर्यंत, याच्यासारखा कोणी नाही आणि ग्रीनवर गेला की चार फुटांवरून पण छातीत धडधड. लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत रोरी मॅकिलरॉय या दुसऱ्या मोठ्या खेळाडूने टीव्हीवर सरळ सांगितलं की याने मॅलेट पटर, म्हणजे जाड डोक्याचा, वापरून बघावा. मार्चमध्ये बे हिलला तो खरंच मॅलेट घेऊन आला आणि ५ शॉट्सनी जिंकला. पुढच्याच आठवड्यात प्लेयर्स चॅम्पियनशिप, शुक्रवारी मान धरली, मैदानावरच फिजिओकडून मान चोळून घेत खेळला, आणि रविवारी ५ मागे असताना ६४ मारून जिंकला. शेवटच्या होलवर विंडहॅम क्लार्कचा पट कपाच्या कडेवरून फिरून बाहेर आला नसता तर बरोबरी होऊन प्लेऑफ, म्हणजे जादा होलवर निकाल, होता. ही स्पर्धा लागोपाठ दोन वर्षं त्याच्याआधी कुणीच जिंकली नव्हती. मग ह्यूस्टनला बरोबरीत दुसरा, मग मास्टर्स ४ शॉट्सनी, मग लगेच पुढच्या आठवड्यात हिल्टन हेडला पुन्हा पहिला. पहिला, पहिला, दुसरा, पहिला, पहिला. जूनमध्ये मेमोरियल आणि ट्रॅव्हलर्स, १ सप्टेंबरला अटलांटात टूर चॅम्पियनशिप, ही सातवी. ऑलिम्पिकचं गोल्ड यात धरलेलंच नाही.

येरवडा_फेअरवे
डॅलसकर, सगळं खरं पण एक बाजू राहिली, ती मी सांगतो म्हणजे भक्तमंडळी मला शिव्या घालतील. या सातपैकी चार सिग्नेचर इव्हेंट आहेत, म्हणजे २ कोटी डॉलर बक्षिसाच्या मोठ्या स्पर्धा, तिथं फील्डच मुळात सत्तर-ऐंशी लोकांचं. टूर चॅम्पियनशिपला तर फक्त ३०. मास्टर्सला पण शंभर नव्हते. म्हणजे दीडशे जणांना हरवून जिंकली म्हणावं अशी एक प्लेयर्सच. आता कुणी म्हणेल की हे सत्तर म्हणजे जगातले टॉपचे सत्तर आहेत, ते मान्य, पण गोल्फमध्ये धोका त्या कुठल्यातरी ११८ नंबरवाल्याकडूनच असतो आणि तोच तिथं नाही. म्हणून मला टायगरचं २००० सालच जास्त मोठं वाटतं. २० खेळला, ९ जिंकला, त्यात ३ मेजर (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी) लागोपाठ, आणि पेबल बीचला यूएस ओपन १५ शॉट्सनी. पंधरा! बाकीचे दुसरी स्पर्धा खेळत होते.

गोदाकाठी, तुमच्या १० अंडरचं उत्तर: अंडर म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा किती कमी लागले ते. सीझनभर प्रत्येक स्पर्धेत जागेप्रमाणे पॉइंट मिळतात, तो फेडेक्स कप. ऑगस्टमध्ये टॉपचे ७० मेम्फिसला खेळतात, त्यातले ५० पुढे, २०२४ ला ते डेनवरजवळ होतं, आणि त्यातले ३० अटलांटाला. तिथं २०२४ ला पॉइंटमध्ये जो पहिला त्याने १० अंडरवर सुरू केलं, दुसऱ्याने ८ वर, असं उतरत गेलं आणि शेवटचे काही शून्यावर. वर्षभराच्या कामाचं बक्षीस म्हणून. ऐकायला बरं वाटतं, बघायला हास्यास्पद, कारण पहिला चेंडू मारायच्या आधीच स्कोअरबोर्ड लिहिलेला. शेफलर ३० अंडरवर संपला, दुसरा आलेला कॉलिन मोरिकावा २६ वर. मोरिकावाची सुरुवात ४ वर झाली होती म्हणजे त्याने प्रत्यक्षात २२ अंडर खेळला आणि शेफलरने २०. त्या चार दिवसांत कमी शॉट मारले मोरिकावाने आणि कप गेला दुसऱ्याच्या घरी. करा हिशोब.

शंकेखोर
पैशाचं बोला की राव, ते सोडून सगळं बोलताय.

डॅलसकर
येरवडा, फील्डचा मुद्दा बरोबर आहे, पटला. पण त्यात शेफलरची चूक काय, टूरने लिव्हच्या, म्हणजे सौदी पैशावरच्या स्पर्धक लीगच्या, धाकाने तशा स्पर्धा काढल्या, टॉपची पोरं पळू नयेत म्हणून, तो फक्त गेला आणि जिंकला. आणि अटलांटाचा पण म्हणाल तर वर्षभर ज्याने ६ मारल्या तो शून्यावर सुरू करून एका आठवड्यात हरला असता तर त्याला सीझनचा चॅम्पियन कसं म्हणणार? दोन्हीकडून गोंधळ आहे.

शंकेखोर, ऐक. बक्षिसांचे २ कोटी ९२ लाख डॉलर, आणि फेडेक्स कपचा बोनस अडीच कोटी डॉलर वेगळा. रुपयात दोन्ही मिळून साडेचारशे कोटींच्या वर. आता बस खाली.

ताई_न्यूजर्सीची
तुम्ही सगळे वरच्यांचंच बोलताय म्हणून लिहिते, कारण माझ्या मते टूरचा सीझन खरा कळतो तो खालून बघितला तर. गोदाकाठी, तुम्ही कट विचारलात. गुरुवार-शुक्रवार झाले की पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीतले राहतात, बाकीच्यांनी बॅग उचलायची. मिळकत शून्य. विमान, हॉटेल, कॅडीचा (बॅग वाहणाऱ्या मदतनीसाचा) आठवड्याचा पगार, सगळं स्वतःच्या खिशातून. कॅडीला वर टक्के पण द्यायचे असतात, जिंकलात तर साधारण १०. कायम मेंबर असलेल्यांना टूर आता वर्षाला ५ लाख डॉलरची हमी देते, म्हणजे अगदी उपाशी नाही मरत कोणी, पण ते मेंबर राहिलात तर. तेच ते कार्ड. २०२४ ला पॉइंटमध्ये पहिल्या १२५ जणांचं कार्ड राहिलं.

आणि आता जोएल डाहमेनचं ऐका. ऑक्टोबरमध्ये लास वेगासला चौथ्या होलवर बॅगेत बघतो तर दोन ४ आयर्न, म्हणजे एकाच नंबरच्या दोन काठ्या. नियम १४ क्लबचा, याच्याकडे १५. चार शॉट्सचा दंड, आणि पुढे कट हुकला. आधीच १२५ च्या काठावर लटकलेला माणूस, आणि असल्या गोष्टीने. मी असते तर कॅडीशी आठवडाभर बोलले नसते, ते दोघं एकमेकांचे जुने मित्र आहेत म्हणून निभावलं. मग अटलांटानंतर कार्डासाठी चालू राहणाऱ्या स्पर्धांतली शेवटची, जॉर्जियात सी आयलंडला, हा १२४ वर. शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या होलवर पाच फुटांचा पट, गेला तर कट, नाहीतर बहुतेक कार्ड पण गेलं. गेला आत. रविवारी ६४ मारला. जिंकला का, नाही, पहिल्या तिसातही नव्हता. वर्ष संपलं १२४ वर. आठवडाभर एवढा जीव काढून माणूस होता त्याच नंबरवर राहिला आणि तेवढ्यासाठी डोळ्यात पाणी. मी ते शेफलरच्या मास्टर्सपेक्षा जास्त श्वास रोखून बघितलं हो. आणि टूरने त्याच आठवड्यात ठरवलं की पुढच्या वर्षी, २०२५ ला, १२५ नाही, फक्त १०० जणांचंच कार्ड राहील.

दुसरा निक डनलॅप. कॉलेजचा पोरगा, जानेवारीत कॅलिफोर्नियात अमॅच्युअर म्हणून आला आणि जिंकला, १९९१ मधल्या फिल मिकेलसननंतर असा पहिलाच. पण अमॅच्युअरला पैसे घेता येत नाहीत, १५ लाख डॉलरचा चेक दुसऱ्या नंबरच्या बेझाउडेनहाउटला. जुलैमध्ये मग प्रो म्हणून पण जिंकला, तेव्हा कुठं स्वतःच्या विजयाचा चेक घरी नेला बिचाऱ्याने.

गोदाकाठी
ताई हे भारी सांगितलंत. मी तर समजत होतो टूरवर पोचला म्हणजे आयुष्य सेट. आपल्याकडे पण असं काही असतं का? आणि मध्येच शेफलरला पोलिसांनी पकडला होता म्हणे, ते खरं की व्हॉट्सॲप?

येरवडा_फेअरवे
खरं. मे महिन्यात लुईव्हिलला पीजीए चॅम्पियनशिप, शुक्रवारी पहाटे गेटजवळ अपघातात एक माणूस गेला होता, त्यामुळे ट्रॅफिक अडवलेलं, पावसात-अंधारात शेफलर गाडी बाजूने काढायला गेला आणि पोलिसांशी गैरसमज. बेड्या, कोठडी, केशरी कपड्यातला फोटो. कोठडीतच स्ट्रेचिंग केलं म्हणे. सुटून आला आणि ६६ मारला. शेवटी बरोबरीत आठवा आला, महिनाअखेर सगळे आरोप मागे घेतले. घरात मुलगा झाल्याला दहा दिवस पण झाले नव्हते तेव्हा. असला महिना माझा गेला असता तर मी ऑफिसला पण गेलो नसतो.

आपल्याकडे पीजीटीआय, म्हणजे भारतातली प्रो गोल्फची टूर. एक कोटीची स्पर्धा असली तर जिंकणाऱ्याला १५ लाख, कट ५० जणांचा. देशभर फिरायचं, आज कोलकाता परवा चंडीगढ, आणि कट चुकला की रेल्वेचं तिकीट स्वतःचं. पण आता वर्षाच्या शेवटी जो पहिला येतो त्याला युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळतं, २०२३ ला महूच्या ओम प्रकाश चौहानला मिळालं, २०२४ ला वीर अहलावतला. आणि गोल्फर अनिर्बान लाहिरी आमच्या पुण्याचाच बरं का.

शंकेखोर
लाहिरीचा जन्म फक्त पुण्यात झाला, वडील आर्मीत, वाढला सगळीकडे. मी इथं इतकी वर्षं राहतोय, मला अजून कुणी पुणेकर म्हणत नाही आणि त्याला लगेच! पुण्याचा म्हणायचं तर उदयन माने म्हणा, टोकियो ऑलिम्पिक खेळलाय. अर्जेंटिनाच्या ग्रिलोने नाव काढून घेतलं तेव्हा याला जागा मिळाली.

येरवडा_फेअरवे
माने आमचाच, त्यात वादच नाही. लाहिरीचं पण २०२२ ला प्लेयर्समध्ये दुसरा आला तेव्हा पुणेकर म्हणूनच सांगितलं सगळ्यांना, आता तो लिव्हला गेला तर तुम्ही म्हणा कुठलाही.

डॅलसकर
भारतीय वंशाचं निघालंच आहे तर साहित थीगलाचं राहिलं. त्याच अटलांटाला तिसऱ्या दिवशी बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, क्लब मागे नेताना वाळूला किंचित लागला असं त्याला वाटलं. त्याला स्वतःलाच. स्वतःहून रेफ्रींना सांगितलं, २ शॉट दंड. शेवटी २४ अंडरवर तिसरा. ते दोन नसते तर मोरिकावाच्या बरोबरीत दुसरा. दुसऱ्याला १ कोटी २५ लाख डॉलर, तिसऱ्याला ७५ लाख, बरोबरीत आला असता तर दोघांत वाटून साधारण २५ लाख डॉलर त्याला जास्त मिळाले असते. शंकेखोर, रुपयात २० कोटींच्या वर, तू विचारायच्या आधीच सांगतो.

ताई_न्यूजर्सीची
त्याला विचारल्यावर शांतपणे बोलला, काही फार मोठं केलंय असा आवच नाही. माझ्या मुलाला मी ती क्लिप मुद्दाम दाखवली, तो म्हणाला "मम्मा, बट नोबडी सॉ." म्हटलं झोप आता.

गोदाकाठी
सगळ्यांना धन्यवाद, आता जरा जरा डोक्यात बसतंय. नवीन सीझन कधी सुरू?

डॅलसकर
२०२५ चा जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात, हवाईत माउई बेटावर. मागच्या वर्षी जिंकलेले आणि पॉइंटमधले टॉप ५० तिथं, कट नाही, समुद्र दिसतो, बघायला मस्त. पण तुमचा शेफलर नाहीये. ख्रिसमसचा स्वयंपाक करताना काच फुटली, उजव्या तळहातात शिरली, छोटं ऑपरेशन झालं.

शंकेखोर
साडेचारशे कोटी कमवून स्वयंपाक स्वतः?? एक बाई लाव म्हणावं.

ताई_न्यूजर्सीची
अमेरिकेत बाई लावणं साडेचारशे कोटीत पण परवडत नाही शंकेखोर :)